खाजगी सामाईक रस्ता कंपनीने खोदला तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न (जळगाव, धुळे, नंदुरबार)

खालचे प्रश्न कॉलन्यांतून, रो हाऊसच्या बोळांतून आणि गावठाणाबाहेरच्या प्लॉटधारकांकडून वरचेवर येतात. वीज, पाणी, भुयारी गटार, गॅस, फायबर, खोदणारा कोणीही असो, रस्त्याचं वाटोळं बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होतं: चारीतल्या (वाहिनीसाठी खोदलेल्या चरातल्या) भरावात. म्हणून प्र. ७ सगळ्यात लांब आहे. जेसीबी दारात उभा असेल तर आधी प्र. ४ आणि प्र. ५ वाचा, बाकीचं नंतर.

१. आमचा रस्ता खाजगी आहे की सार्वजनिक, हे ओळखायचं कसं?

डांबर कोणी टाकलं यावरून नाही. नगरसेवकाच्या निधीतून काँक्रीट झालं, महापालिकेचा दिवा लागला, घंटागाडी येते, तरी रस्त्याची मालकी आपोआप बदलत नाही. तीन कागद बघा. पहिला, मंजूर रेखांकन (लेआउट): त्यात अंतर्गत रस्ता, त्याची रुंदी आणि मंजुरीच्या अटी असतात. दुसरा, रस्त्याच्या जागेचा सातबारा किंवा नगर भूमापन कार्यालयातली मिळकत पत्रिका: नाव कोणाचं आहे? मूळ शेतमालकाचं, बिल्डरचं, की महापालिका-नगरपालिकेचं? तिसरा, रस्ता हस्तांतरित झाल्याचं पत्र किंवा ठराव.

यातून साधारण तीन प्रकार निघतात. हस्तांतरित झालेला रस्ता सार्वजनिक. लेआउटमधला पण हस्तांतरित न झालेला रस्ता कागदावर खाजगी. आपल्याकडच्या जुन्या कॉलन्यांत हाच प्रकार फार. आणि तिसरा, दोन ते दहा घरांचा सामाईक बोळ, ज्याचा उल्लेख खरेदीखतातच असतो. खरेदीखताच्या चतुःसीमेत 'सामाईक रस्ता' लिहिलंय की 'वहिवाटीचा रस्ता', हे नीट वाचा. दोन्हींचा अर्थ वेगळा आहे (प्र. १५).

२. परवानगी कोणाकडून घ्यायला हवी? प्रत्येक कंपनीला नियम वेगळे आहेत का?

हो, वेगळे आहेत.

वीज: 'वर्क्स ऑफ लायसन्सीज रूल्स, २००६' (वीज कंपन्यांच्या कामांचे नियम) नुसार खाजगी जमिनीत केबल टाकायला मालकाची किंवा कब्जेदाराची आधी संमती लागते. त्याने हरकत घेतली तर जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त यांची लेखी परवानगी आणावी लागते. वीज कायदा, २००३ चं कलम ६७ सांगतं की नुकसान कमीत कमी करायचं आणि जे झालं त्याची पूर्ण भरपाई द्यायची. महापारेषणच्या अतिउच्चदाब वाहिन्यांची गोष्ट निराळी आहे. तिथे कलम १६४ चे अधिकार असतात, संमतीसाठी काम अडत नाही, पण भरपाई चुकत नाही.

फायबर आणि मोबाईल: दूरसंचार कायदा, २०२३ नुसार खाजगी जागेसाठी कंपनीने मालकाकडे किंवा व्यवस्था बघणाऱ्याकडे अर्ज करायचा आणि मोबदल्यासह करार करायचा. करार झालाच नाही आणि केंद्र सरकारला ते काम सार्वजनिक हिताचं वाटलं, तरच पुढची सक्तीची वाट उघडते. या कायद्याखालचे 'राइट ऑफ वे' (वाहिनी नेण्याच्या हक्काचे) नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. गल्लीत फायबर ओढणाऱ्या पोराला यातलं काही माहीत नसतं; त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, कंपनीचं पत्र मागा.

पाणी आणि गटार: महापालिकेला वाजवी लेखी नोटीस देऊन खाजगी जमिनीतून मुख्य वाहिनी किंवा गटार नेता येते. इथे तुमच्या संमतीपेक्षा नोटीस आणि दुरुस्ती हे मुद्दे महत्त्वाचे.

गॅस: घरगुती जोडणीची वितरण वाहिनी खाजगी जागेतून जाणार असेल तर मालकाची संमती घेऊनच.

३. आमच्यापैकी एकानेच सही दिली. ती सगळ्यांच्या वतीने चालते का?

सामाईक मालकीत नाही. नोंदणीकृत सोसायटी असेल तर व्यवस्थापक समितीचा ठराव हवा, आणि कायमस्वरूपी वाहिनी जाणार असेल तर तो सर्वसाधारण सभेत घेतलेला बरा. सोसायटी नसेल तर ज्यांच्या खरेदीखतात रस्त्याचा हिस्सा आहे त्या प्रत्येकाची सही. गणेश मंडळाच्या अध्यक्षाची सही संमती ठरत नाही. हे सांगावं लागतं, कारण ती घेतली जाते.

४. संमतीपत्रात नेमकं काय लिहून घ्यायचं?

आधी हे समजून घ्या की तोंडी 'टाका भाऊ, काय हरकत नाही' म्हटल्याने काय होतं. भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ च्या कलम ६० प्रमाणे, दिलेल्या परवानगीवर विसंबून समोरच्याने कायमस्वरूपी बांधकाम केलं आणि खर्च केला, तर ती परवानगी नंतर काढून घेता येत नाही. जमिनीत गाडलेली पाइपलाइन म्हणजे नेमकं तेच. त्यामुळे अटी घालायच्या त्या खोदण्याआधी, ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर, कंपनीच्या अधिकृत सहीने. ठेकेदाराच्या सहीचा कागद म्हणजे ठेकेदाराचं वचन, कंपनीचं नाही.

हे मुद्दे सुटू देऊ नका:

- वाहिनीचा मार्ग, व्यास, खोली, आणि रस्त्याच्या कोणत्या कडेने जाणार याचा नकाशा.
- काम सुरू आणि बंद होण्याची तारीख. एका वेळी किती मीटर चारी उघडी राहील (बोळात २० ते २५ मीटरपेक्षा जास्त नको).
- भराव कशाचा, किती थरांत, आणि वरचा पृष्ठभाग कशाचा, किती जाडीचा.
- तात्पुरती आणि कायमची दुरुस्ती, दोघांच्या वेगळ्या तारखा.
- खचल्यास किती महिने मोफत दुरुस्ती. निदान एक पूर्ण पावसाळा जाईल एवढी मुदत घ्या.
- अनामत रक्कम, आणि ती कधी परत होईल.
- पुढे दुरुस्तीसाठी पुन्हा खोदायचं झालं तर हेच नियम लागू राहतील, हे एक वाक्य. हेच नेमकं विसरलं जातं.

अनामत किती मागायची? दुरुस्तीला बाजारभावाने जेवढा खर्च येईल तेवढी. तो काढायची रीत प्र. ८ मध्ये आहे.

५. खोदाई उद्या सुरू होतेय. आज आम्ही काय करू शकतो?

मोबाईलवर रस्त्याचा सलग व्हिडिओ घ्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत, तारीख दिसेल असा. आधीच्या भेगा, खड्डे, तुटलेल्या कडाही टिपा. फक्त चांगला भाग टिपला तर नंतर 'हे आधीच फुटलेलं होतं' यावर उत्तर राहत नाही. प्रत्येक चेंबरचं झाकण, कंपाउंडच्या भिंतीचा पाया आणि फाटकाची चौकट यांचे जवळून फोटो घ्या. रस्त्यावर पाणी कुठून कुठे वाहतं तेही बादलीभर पाणी ओतून व्हिडिओत घ्या.

मग जमिनीखालचं. घरगुती नळाच्या अर्धा इंची लाइनी आपल्याकडे फूट-दीड फुटावरच असतात, पहिल्याच ओढीत जेसीबीच्या दातात येतात. त्या जिथून जातात तिथे चुन्याने खूण करा. ठेकेदाराला विचारा की 'कॉल बिफोर यू डिग' ॲपवर नोंद केली का. हे ॲप केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये सुरू केलं. खोदणाऱ्याने त्यावर नोंद केली की त्या भागातल्या वाहिन्यांच्या मालकांना सूचना जाते. पण कॉलनीतल्या नळाच्या आणि सेप्टिक टँकच्या लाइनी कोणत्याही ॲपवर नसतात. म्हणून जिथे शंका असेल तिथे आधी हाताने, टिकाव-फावड्याने, आडवा शोधखड्डा घ्यायला लावा.

६. चारी किती खोल आणि किती रुंद असायला हवी?

रुंदी: पाइपचा बाहेरचा व्यास अधिक सुमारे ३०० मिमी. याहून अरुंद चारीत बाजूचा भराव ठोकता येत नाही.

खोली वाहिनीप्रमाणे. भारतीय मानक १२५५ प्रमाणे लघुदाब वीज केबल ०.७५ मीटर, ११ केव्हीपर्यंत ०.९ मीटर, २२ आणि ३३ केव्ही १.०५ मीटर. गॅसच्या पिवळ्या किंवा नारिंगी पॉलिथिलीन पाइपवर साधारण एक मीटर आच्छादन. सरकारी फायबरचं मानक १.६५ मीटर आहे, पण गल्लीबोळात खाजगी फायबर वीतभर खोलीवर पुरलेली दिसते. अशी केबल पुढच्या पेव्हर कामात तुटते, आणि मग ती तोडल्याचा ठपका कॉलनीवर येतो. केबल किंवा गॅस पाइपच्या सुमारे ३०० मिमी वर इशारा पट्टी हवी. विजेच्या केबलवर विटा किंवा फरशाही चालतात. पट्टी दिसली की तिचा फोटो टेपसह घ्या, पुन्हा दिसणार नाही.

७. दुरुस्ती चांगली झाली होती, पण एका पावसाळ्यात पट्टा खचला. असं का होतं?

कारण वरून चांगली झाली होती. खाली काय घातलं ते कोणी बघितलं नाही.

तापी, गिरणा, पांझरेच्या खोऱ्यातली काळी कपाशीची माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच गुणाने. चारी खोदताना ही माती ढेकळांच्या रूपात बाहेर येते. तीच ढेकळं परत लोटली की त्यांच्यामध्ये पोकळ्या राहतात. वरून जेसीबीच्या बकेटने चार वेळा दाबलं तर वरचा अर्धा फूट घट्ट होतो, खालचा तसाच भुसभुशीत. पहिल्या मोठ्या पावसात पाणी कडेच्या सांध्यातून आत जातं, ढेकळं विरघळतात, पोकळ्या मिटतात आणि काँक्रीट अधांतरी लटकतं. पुढे एखादा सिमेंटचा ट्रक किंवा पाण्याचा टँकर आला की तुटतं.

बरोबर क्रम असा:

तळ सपाट, टोकदार दगड काढलेले. त्यावर १०० मिमी वाळू किंवा क्रशरची कच. पाइप टाकून त्याच्या दोन्ही बाजूंना आणि वर किमान १५० मिमी तीच वाळू, हाताने ठोकून. इथे यंत्र लावायचं नाही, पाइप दबते. पाइप जाड असेल तर वाळू त्या प्रमाणात वाढते. त्यावर मुरूम, काळी माती नाही. मुरूम एका वेळी १५० मिमी (सहा इंच) थरात, पाणी शिंपडून, प्लेट कॉम्पॅक्टरने किंवा धुम्मसाने. सगळ्यात वर १५० मिमी खडीचा थर, मग पृष्ठभाग.

पाणी किती? मुरूम मुठीत दाबला की गोळा टिकला पाहिजे, पण बोटांतून पाणी निथळता कामा नये. गोळा विस्कटला तर कोरडा आहे, हात चिखलाचा झाला तर जास्त झालं.

'चारीत पाणी सोडून बसवतो' हा ठेकेदारांचा आवडता उपाय. वाळूला तो बऱ्यापैकी लागू पडतो, कारण पाणी निथळून जातं आणि कण बसतात. काळ्या मातीत पाणी निथळतच नाही. माती फुगून बसल्यासारखी दिसते आणि दिवाळीनंतर सुकली की खाली जाते. मातीच्या चारीत पाइप लावून पाणी सोडलेलं दिसलं तर काम तिथेच थांबवा.

थर ठोकला की तपासायची साधी रीत: १२ मिमीची सळई दोन्ही हातांनी जोर देऊन खुपसा. चार-पाच इंचांपेक्षा सहज आत गेली तर थर पुन्हा ठोकायचा. प्रयोगशाळेची चाचणी नव्हे ही, पण भरावात फसवणूक झाली आहे का ते कळायला पुरते.

खोदून निघालेली काळी माती उचलून न्यायची जबाबदारीही ठेकेदाराची. ती गटारीच्या कडेला ढीग करून ठेवली की पहिल्या पावसात गटारीत जाते.

८. किती माल लागायला हवा, हे आम्हाला कळेल का?

कळेल, आणि हिशेब येतो हे ठेकेदाराला समजलं की अर्धं काम होतं. समजा ४० मीटर लांब, ०.४५ मीटर रुंद, ०.९ मीटर खोल चारी, बारीक पाइपची. खालचे ०.२५ मीटर वाळू, त्यावर ०.३५ मीटर मुरूम, ०.१५ खडी, ०.१५ काँक्रीट.

वाळू: ४० × ०.४५ × ०.२५ = ४.५ घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. म्हणून सुमारे १.६ ब्रास.
मुरूम: ४० × ०.४५ × ०.३५ = ६.३ घनमीटर ठोकलेला. सैल माल २५ टक्के जास्त धरा: ७.९ घनमीटर, म्हणजे पावणेतीन ब्रासच्या वर.
खडी: २.७ घनमीटर, दबण्याचे तीसेक टक्के धरून सव्वा ब्रास.
काँक्रीट: चारीच्या दोन्ही बाजूंना १५० मिमी जादा कापून (प्र. ९) रुंदी ०.७५ मीटर. ४० × ०.७५ × ०.१५ = ४.५ घनमीटर. एम २० ला (एम म्हणजे काँक्रीटच्या ताकदीची प्रत) घनमीटरमागे साधारण आठ गोण्या सिमेंट, म्हणजे ३६ गोण्या.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण एक ब्रास बसतो. एवढ्या कामाला मुरमाची एकच ट्रॉली आली असेल तर बाकीच्या जागेत काय भरलंय ते सांगायची गरज नाही. आलेल्या ट्रॉल्या आणि रिकाम्या गोण्या मोजायला एक माणूस दारात बसवा.

९. काँक्रीटचा रस्ता फोडला. पट्टा कसा भरायला हवा?

आधी कटरने दोन सरळ रेषा. ब्रेकरने थेट फोडलेली कड वेडीवाकडी राहते, आत बारीक तडे जातात आणि नवं काँक्रीट तिथूनच सुटतं. चारी खोदून भरल्यावर दोन्ही बाजूंना आणखी १५० मिमी जुनं काँक्रीट कापून काढा. म्हणजे नवा पट्टा न हललेल्या जमिनीवर दोन्हीकडे टेकतो आणि भराव थोडा बसला तरी लगेच तुटत नाही.

जाडी जुन्या रस्त्याइतकी, पण १५० मिमीपेक्षा कमी नको. वाहनं जाणार असतील तर एम ३० मागा, नुसती दुचाकी असेल तर एम २० चालतं. जुन्या रस्त्याचे सांधे जिथे आहेत तिथेच नव्या पट्ट्यातही सांधा द्यायचा, नाहीतर तडा आपली जागा आपण शोधतो.

पाणी मारणं: आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, मिश्र सिमेंटला किंवा कोरड्या-उष्ण हवेत किमान १०. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा १० पेक्षा कमी धरूच नका, आणि काँक्रीट सकाळी लवकर किंवा संध्याकाळी ओता. मातीचे वाफे करून पाणी साठवा किंवा ओलं बारदान अंथरा. दिवसातून दोनदा पाइप फिरवणं म्हणजे पाणी मारणं नव्हे. उन्हात ते अर्ध्या तासात उडतं. कार पाणी मारण्याचे दिवस पूर्ण झाल्यावर, टँकर आणि ट्रक २८ दिवसांनी.

१०. डांबर, पेव्हर आणि शहाबादी फरशी यांचं काय?

डांबर: कडा सरळ कापून, झाडून, टॅक कोट (पातळ डांबराचा चिकट हात) मारून गरम मिश्रण टाकायचं आणि रोलर फिरवायचा. हे ओल्या पृष्ठभागावर होत नाही. पावसाळ्यात पिशवीतलं थंड मिश्रण टाकतात, ते तात्पुरतंच समजा.

पेव्हर: हे सगळ्यात सोपं, आणि तरी सगळ्यात जास्त बिघडतं. ब्लॉक हाताने, पहारीने उचलून रचून ठेवायचे. जेसीबीने उचलले तर निम्मे फुटतात. वाहनाच्या रस्त्याला ८० मिमी जाडीचे, नुसत्या पायवाटेला ६० मिमी. खाली २० ते ४० मिमी वाळूचा थर, त्याहून जाड नको, नाहीतर चाकांच्या रेषेत नाली पडते. बसवून प्लेट फिरवायची, सांध्यांत बारीक वाळू झाडायची आणि आठवड्याने पुन्हा झाडायची. कडेला काँक्रीटची पट्टी नसेल तर ब्लॉक हळूहळू पसरतात. नवे ब्लॉक जुन्या रंगाशी जुळत नाहीत, म्हणून फुटलेल्यांच्या जागी लागणारे ब्लॉक रस्त्याच्या टोकाकडून काढायचे आणि नवे तिथे लावायचे.

शहाबादी फरशी: अखंड निघाली तर नशीब. उचलण्याआधी खडूने क्रमांक टाका.

तिन्हींना लागू असलेली एक गोष्ट: चेंबरची झाकणं नव्या पातळीला आणून द्यायला लावा. डांबराखाली गाडलेलं झाकण शोधायला पुढच्या वेळी रस्ताच फोडावा लागतो.

११. फक्त चारीपुरती दुरुस्ती करतात. पूर्ण रस्ता नवा करून मागता येतो का?

कायदा 'होता तसा करून द्या' म्हणतो, 'नवा करून द्या' नाही. पण तीन मीटरच्या बोळात पाऊण मीटरचा पट्टा लांबीभर गेला आणि त्याला नळजोडण्यांचे आडवे काप मिळाले, तर ठिगळांपेक्षा पूर्ण रुंदी करणं ठेकेदारालाही परवडतं, कारण कटिंग आणि मजुरी वाचते. आमचा ठोकताळा: कापलेला भाग रुंदीच्या एक तृतीयांशाच्या पुढे गेला की पूर्ण रुंदीची मागणी रेटा, त्याखाली नीट पट्टा घ्या. फरकाची रक्कम रहिवाशांनी घातली तर कंपन्या सहसा तयार होतात.

१२. पावसाळ्याच्या तोंडावर खोदून ठेवलं आणि ठेकेदार गायब. आता?

जूनमध्ये उघड्या चारीवर काँक्रीटचा आग्रह धरू नका. आधी चारी मुरमाने थरांत भरून, वर खडी ठोकून, रस्त्याच्या पातळीपेक्षा बोटभर उंच ठेवून घ्या. पावसात ती बसेल. आठवड्याला एकदा खचलेल्या जागी मुरूम टाकायची जबाबदारी लेखी घ्या. कायमचा पृष्ठभाग दिवाळीनंतर. हे दोन टप्पे संमतीपत्रात आधीच असतील (प्र. ४) तर ठेकेदाराला अनामतीसाठी परत यावंच लागतं.

पट्टा घरांच्या उंबऱ्यांपेक्षा उंच होऊन पाणी अंगणात वळत नाही ना, हे पहिल्या पावसात बघा. उतार मीटरमागे २० मिमीच्या आसपास, गटारीकडे.

१३. नंतर खचलं तर जबाबदारी किती दिवस?

विजेच्या कामासाठी २००६ च्या नियमांतच सोय आहे: दुरुस्तीनंतर तीन महिने, आणि खचणं चालूच असेल तर पुढे आणखी नऊ महिन्यांपर्यंत, रस्ता सुस्थितीत ठेवायचा. बाकीच्यांसाठी तुमचा करार काय म्हणतो तेच खरं. खचलंय हे दाखवायला तीन मीटरची सरळ ॲल्युमिनियम पट्टी रस्त्यावर आडवी ठेवा आणि खालच्या फटीत टेप घालून फोटो घ्या. 'खूप खचलं' यापेक्षा '१८ मिमी खचलं' हे पत्र जास्त काम करतं.

१४. खोदताना आमची नळाची लाइन तुटली. ठेकेदार म्हणतो, तुमची लाइन वरच होती.

वर होती हे खरं असू शकतं, पण चुन्याची खूण केली होती (प्र. ५) तर ती सबब टिकत नाही. दुरुस्ती त्याच दिवशी, सांध्यावर माती लोटण्याआधी पाणी सोडून गळती तपासून. शेजारची गटारलाइनही फुटली असेल तर पिण्याचं पाणी थांबवा; लाइन धुऊन, क्लोरीन टाकून, पाणी तपासून पिण्यायोग्य ठरेपर्यंत टँकरचं वापरा. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. रिकाम्या लाइनीत बाहेरचं घाण पाणी ओढलं जातं, म्हणून हा धोका चोवीस तास पाणी असलेल्या शहरांपेक्षा जास्त.

गॅसची लाइन लागली तर दुरुस्तीचा प्रयत्न कोणी करू नये. इंजिनं बंद, माणसं लांब, वारा जिकडून येतो त्या बाजूला, आणि मार्गखुणेवर छापलेल्या आपत्कालीन क्रमांकावर फोन.

१५. रस्ता शेजाऱ्याच्या मालकीचा, आम्हाला फक्त जाण्यायेण्याचा हक्क. आम्ही त्यातून नळ नेऊ शकतो का?

नाही, आपोआप नाही. वहिवाटीचा हक्क ज्या कामासाठी आहे तेवढाच असतो. चालण्याच्या हक्कात पाइप गाडण्याचा हक्क येत नाही. मालकाकडून वेगळी लेखी परवानगी घ्या आणि कायमचा हक्क हवा असेल तर दस्त नोंदवा. उलट बाजूने, मालकाने कंपनीला परवानगी दिली तरी तुमची वाट बंद ठेवता येत नाही. चारीवर लोखंडी प्लेट टाकून जाण्यापुरती जागा सोडावीच लागते.

१६. एकाच घराने नळ घेतला आणि सामाईक रस्ता फोडला. दुरुस्ती कोणी करायची?

ज्याने जोडणी मागितली त्याने. 'मी पालिकेत खोदाई शुल्क भरलंय' हे उत्तर सार्वजनिक रस्त्याला चालतं. ते पैसे खाजगी बोळाच्या दुरुस्तीला येत नाहीत. पुढे चार घरं जोडणी घेणार हे दिसत असेल तर एकाच वेळी रस्त्याखाली दोन रिकाम्या चार इंची पीव्हीसी पाइप आडव्या टाकून, दोन्ही टोकांना झाकण लावून ठेवा. पुढची प्रत्येक केबल आणि नळ त्यातून जाईल.

१७. 'आम्ही खोदत नाही, ड्रिल करतो.' मग परवानगी कशाला?

जमिनीखालची जागाही तुमचीच, म्हणून लागते. एचडीडी (जमिनीखालून आडवं भोक पाडणाऱ्या) ड्रिलला दोन्ही टोकांना खड्डे लागतातच. जास्त दाबाने चिखल सोडला तर तो मधेच रस्त्यातून वर येतो, किंवा रस्ता फुगतो. सगळ्यात वाईट म्हणजे ड्रिल गटारलाइनच्या आरपार जातं आणि केबल तिच्यातून ओढली जाते. कोणाला पत्ता लागत नाही. वर्षभराने गटार तुंबते. ड्रिल झाल्यावर आठवड्यात दोन्ही बाजूंच्या चेंबरांतून पाणी सोडून वाहतं का ते बघा, आणि मार्गाचा नकाशा घ्या: कंपाउंडच्या दोन कोपऱ्यांपासूनची अंतरं आणि खोली.

१८. रात्री केबल जळाली म्हणून न विचारता खोदलं. चुकीचं आहे का?

बिघाड दुरुस्तीला आधी परवानगीची वाट बघत बसत नाहीत, आणि बसूही नये. पण दुरुस्तीची जबाबदारी तीच. सकाळी फोटो घ्या आणि पत्र द्या.

१९. रावेर-यावलकडे सामाईक शेतरस्त्यातून शेजारी पाइपलाइन नेतोय. हेच नियम?

वेगळे. दुसऱ्याच्या जमिनीतून शेतीसाठी पाणी न्यायचं असेल आणि समेट होत नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४९ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. ते भरपाई आणि अटी ठरवतात. खोदून रस्ताच अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडेच दाद. केळीच्या हंगामात भरलेला ट्रक त्या रस्त्याने जाणार हे ध्यानात ठेवून रस्ता ओलांडताना पाइप एक मीटर खाली आणि जाड केसिंगमधून न्यायला सांगा.

२०. ठेकेदार कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी ठेकेदाराकडे. तक्रार कुठे?

तुमच्याशी संबंध कंपनीचा. ठेकेदार तिचा माणूस, त्यांचं त्यांनी बघावं. पत्र कंपनीच्या स्थानिक कार्यालयात, पोच घेऊन, फोटो आणि मोजमापासह, १५ दिवसांची मुदत देऊन.

विजेसाठी आधी १९१२ वर नोंद करून क्रमांक घ्या. मग महावितरणची अंतर्गत यंत्रणा, आणि तिथे न सुटल्यास जळगाव परिमंडळाचा ग्राहक तक्रार निवारण मंच. धुळे आणि नंदुरबार याच परिमंडळात येतात. पैसे देऊन घेतलेल्या सेवेतली त्रुटी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग: सेवेसाठी दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असलेली प्रकरणं तिथे चालतात आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. आधी सल्ला हवा असेल तर १९१५.

अमृत योजनेची पाणी किंवा भुयारी गटाराची कामं असतील (जळगावात आणि धुळ्याच्या देवपुरात असे प्रश्न फार आले), तर माहिती अधिकारात निविदेतली रस्ता दुरुस्तीची बाब, मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मोजमापं नोंदवायच्या वहीची) प्रत आणि दोषदायित्व कालावधी (ठेकेदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत) मागा. अर्ज १० रुपयांचा, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. उत्तराला ३० दिवस. मोजमाप पुस्तिकेत तुमच्या गल्लीची दुरुस्ती 'पूर्ण' दाखवलेली असेल आणि गल्लीत मुरूमही नसेल, तर पुढचं पत्र कार्यकारी अभियंत्यांना त्या पानाच्या प्रतीसह आणि आजच्या फोटोसह द्या.